कॉन्ट्रास्ट द्रव्यांचा सुरक्षित वापर : तपासणीपूर्वी जाणून घ्यावयाच्या बाबी

सीटी स्कॅन, एमआरआय, ॲन्जिओग्राफी यांसारख्या तपासण्यांमध्ये शरीराच्या अंतर्भागाचे चित्र अधिक स्पष्ट उमटावे, यासाठी रुग्णाला शिरेतून, तोंडावाटे अथवा अन्य मार्गाने जे द्रव्य दिले जाते त्यास कॉन्ट्रास्ट द्रव्य असे म्हणतात. बोलीभाषेत त्याचा उल्लेख ‘डाय’ असा केला जातो. प्रत्यक्षात हे द्रव्य कोणत्याही अवयवाला रंग देत नाही. शेजारी-शेजारी असलेल्या, परंतु चित्रात सारख्याच दिसणाऱ्या ऊतींमधील फरक ते ठळक करते, इतकेच. यकृतातील लहानशी गाठ, मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगवटा किंवा फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी अनेकदा या द्रव्याच्या साहाय्यानेच ओळखता येते.

या द्रव्यांविषयी समाजात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. ‘डायमुळे किडनी जाते’ या भीतीने काही रुग्ण आवश्यक तपासणी टाळतात किंवा पुढे ढकलतात. याउलट, काही जण पूर्वी झालेल्या त्रासाची माहिती न देताच तपासणीच्या टेबलावर जातात. या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक ठरू शकतात. योग्य रुग्णाला, योग्य द्रव्य, योग्य मात्रेत आणि पुरेशी विचारपूस करून दिल्यास ही द्रव्ये बहुतांश रुग्णांसाठी सुरक्षित असतात. ही सुरक्षितता मात्र आपोआप लाभत नाही. ती मुख्यतः इंजेक्शनपूर्वीच्या काही मिनिटांच्या प्रश्नोत्तरांवर आणि नंतरच्या अर्ध्या तासाच्या देखरेखीवर अवलंबून असते.

द्रव्यांचे प्रकार

क्ष-किरण आणि सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त द्रव्ये वापरली जातात. आयोडीनचा अणू जड असल्याने तो क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. त्यामुळे द्रव्य जेथे पोहोचते तो भाग चित्रात पांढरा दिसतो. अन्ननलिका, जठर व आतडे यांच्या तपासणीसाठी बेरियम सल्फेट हे पाण्यात न विरघळणारे चूर्ण पाण्यात कालवून पाजले जाते.

एमआरआयमध्ये क्ष-किरणांचा वापर होत नाही. तेथे गॅडोलिनियम या धातूची संयुगे दिली जातात. ती आसपासच्या पाण्यातील हायड्रोजनच्या चुंबकीय वर्तनात बदल घडवितात आणि त्यामुळे चित्रातील तो भाग उजळ दिसतो. सोनोग्राफीसाठी वायूचे सूक्ष्म बुडबुडे असलेले द्रव्य उपलब्ध आहे. त्यातील वायू काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो व मूत्रपिंडावर त्याचा भार पडत नाही. या द्रव्यांचे गुणधर्म परस्परांपासून भिन्न असल्याने एकाविषयीचा इशारा दुसऱ्यास लागू करणे योग्य नाही.

इतिहासातील धडे

विल्हेल्म रॉन्टजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्ना येथे शवापासून विलग केलेल्या हातातील रक्तवाहिन्यांमध्ये पारायुक्त मिश्रण भरून त्यांचे चित्र घेण्यात आले. हे मिश्रण जिवंत माणसाला देणे अर्थातच शक्य नव्हते. चित्र स्पष्ट यावे आणि शरीराला इजा होऊ नये, या दोन अपेक्षांचा मेळ घालणे हाच पुढील शंभर वर्षांच्या संशोधनाचा विषय ठरला.

थोरोट्रास्ट हे या इतिहासातील सर्वांत कटू प्रकरण होय. थोरियम डायऑक्साईडचे हे द्रव्य १९३० च्या दशकात लोकप्रिय झाले. त्याने चित्रे उत्तम येत आणि तत्काळ त्रासही होत नसे. परंतु थोरियम किरणोत्सारी असून त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे. हे द्रव्य शरीराबाहेर न पडता यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत साचून राहिले. वीस-तीस वर्षांनंतर अनेक रुग्णांना यकृताचा कर्करोग झाल्याचे आढळून आले. १९५० च्या दशकात त्याचा वापर थांबला. लगेच त्रास झाला नाही म्हणजे द्रव्य निर्धोक आहे, असे समजू नये, हा धडा वैद्यकविश्वाने तेव्हा घेतला.

आयोडीनची उपयुक्तता १९२३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लक्षात आली. उपदंशावरील उपचारासाठी सोडियम आयोडाईड दिलेल्या रुग्णांचे मूत्राशय क्ष-किरण चित्रात दिसू लागले होते. पुढे १९५० च्या दशकात, प्रत्येक रेणूत आयोडीनचे तीन अणू असलेली द्रव्ये प्रचारात आली. ही द्रव्ये आयनी स्वरूपाची होती. त्यांची परासरणीय तीव्रता रक्ताच्या पाचपटीहून अधिक असल्याने उलट्या, वेदना व अन्य प्रतिक्रियांचे प्रमाणही जास्त होते. स्वीडनचे टॉर्स्टेन आल्मेन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बिन-आयनी द्रव्यांची कल्पना मांडली आणि १९८० च्या दशकात ती सर्वत्र उपलब्ध होऊ लागली.

या बदलाचा परिणाम जपानमधील एका मोठ्या पाहणीतून स्पष्ट झाला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३ लाख ३७ हजारांहून अधिक तपासण्यांचा समावेश होता. आयनी द्रव्यांमुळे १२.६६ टक्के, तर बिन-आयनी द्रव्यांमुळे ३.१३ टक्के प्रकरणांत प्रतिक्रिया आढळली. गंभीर प्रतिक्रियांचे प्रमाण अनुक्रमे ०.२२ टक्के आणि ०.०४ टक्के होते. म्हणजेच दर दहा हजार तपासण्यांमागे बावीसऐवजी चार. आज शिरेतून देण्यासाठी प्रामुख्याने बिन-आयनी द्रव्येच वापरली जातात.

प्रतिक्रिया कशा ओळखाव्यात?

आयोडीनयुक्त द्रव्य शिरेत जाताना अंगभर उष्णतेची लाट पसरल्यासारखी वाटते, तोंडात धातूसारखी चव येते आणि कधी कधी लघवी झाल्याचा भास होतो. हे परिणाम अपेक्षित असून ते मिनिटाभरात ओसरतात. त्यामुळे रुग्णाने घाबरून जाऊ नये. हालचाल केल्यास चित्र बिघडते व तपासणी पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते.

अंगावर गांधी उठणे, खाज सुटणे, सतत शिंका येणे, डोळे किंवा ओठ सुजणे ही ॲलर्जीसदृश प्रतिक्रियेची लक्षणे होत. घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज बदलणे, श्वास घेताना घरघर होणे, छातीत दडपण येणे अथवा चक्कर येऊन शुद्ध हरपणे ही गंभीर प्रतिक्रियेची चिन्हे असून त्यांवर तत्काळ उपचार करावे लागतात. रुग्णाने यांपैकी काहीही जाणवताच, तपासणी संपण्याची वाट न पाहता, हाताशी दिलेल्या घंटीने किंवा आवाज देऊन कर्मचाऱ्यांना कळवावे.

बहुतेक गंभीर प्रतिक्रिया इंजेक्शननंतरच्या पहिल्या वीस मिनिटांत उद्भवतात. म्हणून रुग्णाने किमान अर्धा तास केंद्रातच थांबावे आणि तोपर्यंत शिरेतील सुई काढू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. काही रुग्णांना एक तासापासून एक आठवड्यापर्यंतच्या काळात अंगावर पुरळ उठते. हे पुरळ बहुधा सौम्य असते. तथापि तोंडात फोड येणे, त्वचा सोलवटणे किंवा ताप येणे अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

धोका कोणाला अधिक?

त्याच गटातील द्रव्यामुळे पूर्वी झालेली प्रतिक्रिया हा सर्वांत महत्त्वाचा धोक्याचा संकेत मानला जातो. दमा किंवा तीव्र स्वरूपाच्या अन्य ॲलर्जी असलेल्या रुग्णांमध्येही धोका काहीसा वाढतो, परंतु केवळ तेवढ्या कारणाने तपासणी नाकारली जात नाही. पूर्वी प्रतिक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांपुढे अनेक पर्याय असतात. कॉन्ट्रास्टविना तपासणी, सोनोग्राफी अथवा साध्या एमआरआयचा आधार, त्याच गटातील वेगळ्या द्रव्याचा वापर किंवा काही तास आधी स्टेरॉईड देऊन केलेली पूर्वतयारी, यांपैकी योग्य तो पर्याय निवडता येतो. मात्र स्टेरॉईड दिल्यानंतरही प्रतिक्रिया होऊ शकते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांचे वावडे असलेल्यांना आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट चालत नाही, हा समज मात्र निराधार आहे. सागरी अन्नाची ॲलर्जी त्यातील प्रथिनांमुळे होते, आयोडीनमुळे नव्हे. आयोडीन हे थायरॉईड ग्रंथीसाठी आवश्यक मूलद्रव्य असून आपण ते दररोज मिठातून घेत असतो. जखमेवर लावण्याच्या आयोडीनयुक्त औषधाने त्वचेवर पुरळ येणाऱ्यांनाही हेच लागू होते. अशा समजुतीपोटी आवश्यक तपासणी टाळणे हितावह नाही.

मूत्रपिंडाचा प्रश्न

शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त द्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जाते. मूत्रपिंडे निरोगी असल्यास एका दिवसात ते जवळजवळ पूर्णपणे उत्सर्जित होते. या द्रव्यामुळे मूत्रपिंडांना इजा होण्याचे प्रमाण फार मोठे आहे, असे पूर्वी मानले जात होते. परंतु कॉन्ट्रास्ट न घेतलेल्या तशाच आजारी रुग्णांशी तुलना केली असता, ही भीती बऱ्याच अंशी अतिरंजित असल्याचे दिसून आले. गंभीर आजारी माणसाचे क्रिएटिनिन मूळ आजार, जंतुसंसर्ग, निर्जलीकरण अथवा अन्य औषधांमुळेही वाढत असते.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त निवेदनानुसार, मूत्रपिंडांना अचानक इजा झालेले आणि ज्यांचा ईजीएफआर ३० पेक्षा कमी आहे असे रुग्ण प्रामुख्याने धोक्याच्या कक्षेत येतात. ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंडांच्या रक्त गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज होय. अशा रुग्णांना तपासणीपूर्वी व नंतर शिरेतून सलाईन देण्याचा विचार केला जातो. हृदयविकारामुळे ज्यांना अधिक द्रव चालत नाही, त्यांच्या बाबतीत हा निर्णय जपून घ्यावा लागतो. एकेकाळी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲसिटिलसिस्टीन या औषधाचा लाभ २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आढळून आला नाही.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. केवळ क्रिएटिनिनचा आकडा पाहून मूत्रपिंडांची स्थिती कळत नाही. क्रिएटिनिन १.४ असताना पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ७० येतो, तर बहात्तर वर्षांच्या स्त्रीचा तो जेमतेम ४० भरतो. वृद्ध, कृश व्यक्तींच्या अहवालातील ‘किंचित वाढलेले’ क्रिएटिनिन म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगे नसते. अहवालात ईजीएफआर दिलेला नसल्यास त्याविषयी विचारणा करावी. त्याचबरोबर, प्राणावर बेतलेल्या प्रसंगी, उदाहरणार्थ फुफ्फुसातील गुठळी अथवा महाधमनी फाटल्याचा संशय असल्यास, रक्ताच्या अहवालासाठी तपासणी अडवून धरणे योग्य ठरत नाही. अशा वेळी निदान न होण्याचा धोका द्रव्याच्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो.

मधुमेह, थायरॉईड आणि उपवास

मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध स्वतः मूत्रपिंडांना इजा करीत नाही. परंतु मूत्रपिंडांचे कार्य अचानक मंदावल्यास ते शरीरात साचून रक्तातील लॅक्टिक आम्लाचे प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. ईजीएफआर ३० पेक्षा कमी असल्यास किंवा मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झालेली असल्यास आयोडीनयुक्त द्रव्य देताना हे औषध थांबवून, ४८ तासांनंतर मूत्रपिंडांची तपासणी करूनच ते पुन्हा सुरू केले जाते. ईजीएफआर ३० ते ६० च्या दरम्यान असताना काय करावे, याविषयी निरनिराळ्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फरक आहे. म्हणून रुग्णाने औषध परस्पर बंद न करता आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सीटी स्कॅनच्या एका तपासणीत सुमारे ३० ग्रॅम आयोडीन शरीरात जाऊ शकते. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज १५० मायक्रोग्रॅम इतकीच असते. यातील बहुतेक आयोडीन रेणूला घट्ट बांधलेले असते व तसेच बाहेर पडते. तरीही थायरॉईडचे कार्य वाढलेल्या रुग्णांनी त्याची पूर्वकल्पना द्यावी. थायरॉईडवर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार ठरलेला असल्यास अशी तपासणी त्यापूर्वीच्या दोन महिन्यांत शक्यतो टाळली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये, तीन वर्षांपर्यंतच्या बालकांना असे द्रव्य दिल्यास तीन आठवड्यांच्या आत त्यांच्या थायरॉईडची तपासणी करण्याविषयी सूचना केली.

अनेक केंद्रे तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहण्यास सांगतात. आधुनिक बिन-आयनी द्रव्यांसाठी उपवास अनिवार्य नाही, अशी युरोपीय मार्गदर्शक सूचनांची भूमिका आहे. पोटाच्या तपासणीसाठी अथवा भूल द्यावयाची असल्यास मात्र उपवास आवश्यक ठरतो. म्हणून केंद्राची सूचना पाळावी, परंतु पाणी पिण्यास मनाई आहे काय, हे स्पष्ट विचारून घ्यावे. उन्हाळ्यात तासन् तास पाण्याविना राहून आलेल्या वृद्ध रुग्णाच्या मूत्रपिंडांवर अकारण ताण येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशीची मात्रा आधीच ठरवून घ्यावी.

गर्भवती व स्तनदा माता

गर्भवती असल्याची अथवा तशी शक्यता असल्याची माहिती देणे अत्यावश्यक आहे. गॅडोलिनियम गर्भावस्थेत अपरिहार्य असल्याखेरीज दिले जात नाही. आयोडीनयुक्त द्रव्य निकडीच्या प्रसंगी देता येते. त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या थायरॉईडची तपासणी केली जाते. स्तनपानाविषयी मात्र चिंता करण्याचे कारण नाही. मातेला दिलेल्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी भाग दुधात उतरतो आणि त्याच्याही एक टक्क्याहून कमी भाग बाळाच्या आतड्यांतून शोषला जातो. त्यामुळे स्तनपान थांबविण्याची सर्वसाधारणपणे गरज नसते.

गॅडोलिनियमविषयी बदललेली दृष्टी

मुक्त स्वरूपातील गॅडोलिनियम विषारी असते. म्हणून ते सेंद्रिय रेणूत बांधून दिले जाते. काही द्रव्यांत हा रेणू उघड्या साखळीसारखा, तर काहींत बंद पिंजऱ्यासारखा असतो. पिंजऱ्यातून धातू सुटण्याची शक्यता फारच कमी असते. १९८८ पासून वापरात असलेली ही द्रव्ये मूत्रपिंडांच्या रुग्णांना सुरक्षित पर्याय म्हणून दिली जात होती. परंतु १९९७ मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरील काही रुग्णांची त्वचा कडक व जाड होऊन सांधे आखडू लागल्याचे दिसले. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस असे नाव मिळालेल्या या विकाराचा गॅडोलिनियमशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. त्यानंतर द्रव्याची निवड व मात्रा यांवर निर्बंध आल्यामुळे नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने घटली.

वारंवार अशी तपासणी झालेल्यांच्या मेंदूत गॅडोलिनियमचा अंश शिल्लक राहत असल्याचे संकेत २०१४ पासून मिळू लागले. त्यामुळे निश्चित अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. तरीही खबरदारी म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये साखळी-रचनेच्या बहुतेक द्रव्यांचा वापर स्थगित करण्याचा किंवा विशिष्ट कारणापुरता मर्यादित ठेवण्याचा निर्णय घेतला. बहुविध काठिण्यासारख्या आजारात ज्यांना वारंवार एमआरआय करावा लागतो, त्यांनी प्रत्येक वेळी कॉन्ट्रास्टची आवश्यकता आहे काय, आणि असल्यास कोणत्या रचनेचे द्रव्य दिले जाणार आहे, हे विचारणे उचित ठरेल.

बेरियम आणि इंजेक्शनसंबंधी दक्षता

बेरियम सल्फेट आतड्यांतून शोषले जात नाही, म्हणूनच ते सुरक्षित असते. परंतु जठर किंवा आतड्याला छिद्र पडल्याचा संशय असल्यास ते देता कामा नये, कारण उदरपोकळीत सांडल्यास तीव्र दाह होतो. अशा वेळी पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य वापरले जाते. औषधाच्या शुद्धतेचे महत्त्वही येथे मोठे आहे. ब्राझीलमध्ये २००३ साली बेरियम कार्बोनेट या विषारी क्षाराने दूषित झालेल्या औषधामुळे अनेक रुग्णांचा मृत्यू झाला होता. बेरियमच्या तपासणीनंतर बद्धकोष्ठ टाळण्यासाठी भरपूर पाणी प्यावे.

सीटी स्कॅनमध्ये द्रव्य यंत्राच्या दाबाने वेगाने सोडले जाते. सुई शिरेबाहेर सरकल्यास ते त्वचेखाली साचते. तेथे आग अथवा सूज जाणवताच त्वरित सांगावे. केमोथेरपीसाठी बसविलेली नळी हा दाब सहन करू शकेलच असे नाही. तेव्हा ती वापरण्यापूर्वी खात्री करून घेतली पाहिजे.

केंद्राची आणि रुग्णाची जबाबदारी

जेथे कॉन्ट्रास्ट दिले जाते तेथे ॲड्रेनालिन, प्राणवायू, शिरेतून देण्याचे द्रव, रक्तदाबमापक आणि ही साधने वापरण्याचे प्रशिक्षण असलेला डॉक्टर हाताशी असणे आवश्यक आहे. तीव्र प्रतिक्रियेत मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच प्रथम उपचार होय. ॲलर्जीच्या गोळ्या किंवा स्टेरॉईड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. संमतीपत्र म्हणजे केवळ सहीचा सोपस्कार नव्हे. त्यातील प्रश्न रुग्णाला समजेल अशा भाषेत विचारले जाणे अपेक्षित आहे. आपल्या राज्याबाहेर, अनोळखी भाषेच्या शहरात उपचार घेणाऱ्या रुग्णांसोबत तेथील भाषा जाणणारी व्यक्ती असल्यास मोठीच मदत होते.

रुग्णाने तपासणीपूर्वी पुढील बाबी आपणहून सांगाव्यात : पूर्वी कॉन्ट्रास्टमुळे त्रास झाला होता काय, दमा अथवा तीव्र ॲलर्जी आहे काय, मूत्रपिंड, हृदय किंवा थायरॉईडचा विकार आहे काय, सध्या कोणती औषधे सुरू आहेत, आणि गर्भावस्थेची शक्यता आहे काय. मागील अहवाल व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात.

प्रतिक्रिया झालीच, तर ‘डायची ॲलर्जी’ इतकीच नोंद पुरेशी नसते. द्रव्याचे नेमके नाव, मात्रा, दिनांक, लक्षणे व केलेले उपचार हे सारे लेखी मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. नाव ठाऊक असल्यास पुढील खेपेस डॉक्टरांना दुसरे द्रव्य निवडता येते. नाव नसल्यास एक तर तोच धोका पुन्हा पत्करावा लागतो किंवा उपयुक्त तपासणीला कायमचे मुकावे लागते. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी २०१० मध्ये औषध दक्षता कार्यक्रम सुरू झाला असून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरांप्रमाणेच रुग्णही माहिती देऊ शकतात. अशा नोंदींमधूनच एखाद्या द्रव्याचे दोष उघडकीस येतात आणि पुढील रुग्णांचे रक्षण होते.